रविवार स्कूटरचा

ऑफिसला निघताना चेतक आधी एका अंगावर कलती करायची, क्षणभर तशीच धरायची, सरळ करायची आणि मग किक. पेट्रोल कार्ब्युरेटरकडे नीट उतरावं म्हणून हा खटाटोप. ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रातल्या कुठल्याही कॉलनीत सकाळी साडेनऊला उभं राहावं, तर इस्त्रीचे शर्ट घातलेली, डब्याची पिशवी हुकाला अडकवलेली माणसं आपापल्या गाड्या अशा कवेत घेऊन वाकवताना दिसत. तीन-चार किकमध्ये सुरू झाली तर नशीब. नाही झाली तर पिशवी खाली ठेवायची, बाह्या सारायच्या आणि प्लग काढायचा. प्लग काढता येत नसेल त्याने स्कूटरच्या नादी लागू नये, असा तेव्हा सर्वमान्य संकेत होता.

आताच्या मुलांना हे सांगितलं की ती विचारतात, तुम्ही एवढी बंद पडणारी गाडी घेतलीच कशाला? प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की मिळत होती तीच घेतली, आणि तीसुद्धा मिळत नव्हती. साठच्या दशकात इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या परवान्यावर बजाजच्या आकुर्डीतल्या कारखान्यात व्हेस्पा बनू लागली. 1971 मध्ये तो करार संपला आणि पुढच्याच वर्षी राणा प्रतापाच्या घोड्याचं नाव घेऊन चेतक आली. मुंबईत लॅम्ब्रेटा बनायची, पुढे लखनौहून विजय सुपर येऊ लागली. पण किती गाड्या बनवायच्या हे कारखानदार नव्हे, सरकारी परवाना ठरवत असे. त्यामुळे बुकिंग करून वर्षानुवर्षं वाट पाहायची. परदेशात कुणी नातेवाईक असला आणि त्याने परकीय चलन पाठवलं, तर नंबर लवकर लागे. अशा भाग्यवंतांकडे बाकीचे जरा तिरक्या नजरेनेच पाहत.

आम्ही साताऱ्याचे. 1975 मध्ये महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी निघाली आणि तिची प्रिया आमच्याच गावच्या एमआयडीसीत तयार होऊ लागली. तरीही ती आमच्या दारात यायला वर्षं गेली. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, बुकिंग केलं तेव्हा मी पाढे घोकत होतो; गाडी आली तेव्हा हायस्कुलात होतो. कारखान्याच्या फाटकावरून रोज सायकलने जायचं आणि आतल्या गाड्या मोजायच्या, आपली कुठे आहे कुणास ठाऊक! इतक्या प्रतीक्षेने आलेली वस्तू दुसऱ्याच्या हाती सोपवायची कुणाची छाती होणार? त्यात पाटबंधारे खात्यातल्या कारकुनाचा पगार. गावात चांगले फिटर दोन-तीन, त्यांच्या दारात गाड्यांची रांग. घरच्या घरी स्कूटर खोलण्यामागे हौस नंतर आली, आधी होती ती गरज. स्मरणरंजनात ही गोष्ट हटकून गाळली जाते म्हणून आधीच सांगून टाकतो.

दुसरं कारण खुद्द इंजिनातच होतं. दीडशे सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन म्हणजे यंत्र म्हणून फारच सरळ स्वभावाचं. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, इंजिनसाठी वेगळी ऑइलची टाकी नाही. हलणारे मुख्य भाग तीन: पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक. वंगण पेट्रोलमधूनच जायचं, लिटरला 20 मिलीलिटरच्या आसपास टू-टी ऑइल. आधी ऑइल, मग पेट्रोल, म्हणजे ते आपोआप ढवळलं जातं. वरून गाडी दोनदा डुलवायची. ऑइल कमी पडलं तर पिस्टन सीझ, जास्त झालं तर प्लग काळा. जुन्या गाड्यांना बॅटरीसुद्धा नव्हती. ठिणगीची वीज फ्लायव्हीलमधल्या मॅग्नेटोतून यायची आणि त्या फ्लायव्हीलला खिडक्या ठेवलेल्या असत, आतले पॉइंट बघून घासता यावेत म्हणून. बनवणाऱ्यानेच गृहीत धरलं होतं की मालक कधीतरी इथून डोकावणार.

मालक डोकावायचा तो रविवारी. सकाळचा चहा झाला की अण्णा जुना लेंगा चढवत, सीटखालची रेक्झिनची गुंडाळी बाहेर निघे आणि अंगणात जुनं वर्तमानपत्र अंथरलं जाई. गुंडाळीत प्लगचा बॉक्स पाना, एक पेचकस, पक्कड आणि फिक्स पाने. आईच्या जुन्या सुती साडीच्या चिंध्या वेगळ्या. आम्हा भावंडांकडे हमाली. "दहा-अकराचा दे", "बारा-तेराचा दे", आणि दिलेला पाना चुकला की तोंडाने काही न बोलता परत हातात. पावकी-निमकी विसरलो असेन, पण नट नुसता पाहून त्याला कुठला पाना बसेल हे मला आजही कळतं. त्या वेळचं ते एकमेव शिक्षण असं आहे, ज्याची परीक्षा झाली नाही आणि तरी ते टिकलं.

प्लगचं काम नीट सांगायला हवं, कारण बाकी सगळी डागडुजी त्याच्या पुढची. खटका सोडवून उजवीकडचा फुगीर पत्रा काढायचा. प्लगची टोपी वायरला न ओढता टोपीलाच धरून उपसायची. पाना बसवून, त्याच्या भोकात पेचकस आडवा घालून एक झटका द्यायचा. आटे सैल झाले की पुढचं हाताने. प्लग तापलेला असला तर चिंधीत धरायचा. मग तो उन्हात नेऊन डॉक्टर जीभ बघतो तसा बघायचा. टोक बदामी असेल तर इंजिनची तब्येत उत्तम. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त येतंय किंवा चोक ओढलेलाच राहिलाय. ओला, तेलकट काळा असेल तर ऑइल जास्त पडलंय. पांढुरका असेल तर सावध, कारण पेट्रोल कमी पोचतंय आणि इंजिन तापतंय. कधीकधी दोन टोकांच्या मधोमध कार्बनचा बारीकसा तंतू अडकलेला असे, केसाएवढा, आणि तेवढ्याने दीडशे सीसीचं धूड ठप्प. नखाने तो तंतू उडवला की गाडी पहिल्या किकला सुरू.

साफसफाई पॉलिश पेपरने आणि पेट्रोलने. त्यानंतर गॅप. पुस्तिकेत 0.6 मिलिमीटर लिहिलेला असे आणि तो मोजायला फिलर गेज हवा, जो आमच्याकडेच काय, अख्ख्या आळीत नव्हता. त्यावर तोडगा हॅकसॉ ब्लेडचा. लोखंड कापायच्या करवतीचं पातं जवळजवळ तेवढ्याच जाडीचं असतं. ते दोन टोकांमधून किंचित घासत गेलं की गॅप बरोबर. ही युक्ती कुणी शोधली देव जाणे, पण साताऱ्यापासून सोलापूरपर्यंत मी ती सगळ्यांच्या हातात पाहिली आहे. मग प्लग टोपीत घालून इंजिनच्या उघड्या धातूला टेकवायचा आणि कुणीतरी किक मारायची. निळी, चटकदार ठिणगी उडाली तर वीज ठीक, दोष पेट्रोलमध्ये शोधा. पिवळट, मरतुकडी उडाली तर पॉइंट घासा. या एका परीक्षेत निम्मं निदान उरकायचं. परत बसवताना पहिले तीन-चार आटे बोटांनीच फिरवायचे. घाईने पाना लावला आणि प्लग तिरका गेला, तर ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे जात, आणि मग लेथवाल्याकडची वारी.

वर्षाकाठी एकदा मोठं काम निघे: कार्बन काढणं. ऑइल जाळणारं इंजिन ते, सायलेन्सर आतून चोंदत जायचा. पिकअप मरायचा, चढावर गाडी रडायची. सायलेन्सर उतरवून अंगणात लाकडं पेटवत आणि त्यात तो सरळ भाजत. काळा धूर, जळक्या ऑइलचा वास, शेजारच्या काकूंची दोरीवरचे कपडे काढण्याची धावपळ. गार झाल्यावर लाकडी ठोकळ्याने ठोकलं की आतून काळ्या खपल्या गळत. हेड उतरवला तर पिस्टनच्या माथ्यावरचा थर लाकडाच्या पट्टीने खरवडायचा. पोलादी पात्याने ॲल्युमिनियमवर ओरखडे उठतात. हे झाल्यावर गाडी अशी काही पळे की अण्णा विनाकारण वाढे फाट्यापर्यंत चक्कर मारून येत.

क्लचची वायर मात्र रविवार पाहून तुटत नसे. ती तुटायची ती हमखास हँडलपाशी, जिथे तिचा मुंडीवाला शेवट खोबणीत बसतो तिथे, एकेक तार तुटत तुटत. ज्याचा हात गाडीवर रोज फिरतो त्याला ती आधीच कळत असे, क्लच दाबताना बोटांना बारीक करकर लागायची. डिकीत एक नवी वायर, ग्रीस लावून प्लॅस्टिकच्या पिशवीत, कायम. जुनी वरून उपसायची, नवी वरून ढकलत न्यायची, ती हँडलच्या नळीतून, फुटबोर्डच्या खालून इंजिनापाशी निघते. तिथे ती छोट्याशा बॅरलमध्ये पकडून नट आवळायचा, थोडा खेळ ठेवायचा, आणि उरलेलं शेपूट कापून टाकायचं. जवळ वायर नसली तर? गाडी न्यूट्रलमध्ये सुरू करायची, पळत ढकलायची आणि झटक्याने पहिला गिअर टाकायचा. गचका बसायचा, पण घर गाठता यायचं. एक्झॉस्टपेक्षा जास्त धूर चालवणाऱ्याच्या डोक्यातून निघायचा, एवढंच.

या सगळ्यातून रस्त्यावर एक बिरादरी तयार झाली होती. खंबाटकी घाटात गाडी बाजूला लावलेली दिसली की मागून येणारा स्कूटरवाला वेग कमी करायचाच. पहिला प्रश्न ठरलेला: "प्लग पाहिला का?" नाव-गाव नंतर. आपला प्लग काढून दुसऱ्याला दिलेली आणि पत्ता न घेता निघून गेलेली माणसं मी पाहिली आहेत. आज घाटात बंद पडलेल्या गाडीपाशी कुणी थांबत नाही, असं म्हणून मी माणुसकी आटल्याचा सूर लावणार नाही. थांबून तो करणार काय? गाडीच अशी आहे की दोघांनी मिळूनही उघडता येत नाही. आणि खरं सांगायचं तर गाड्या बंदही पडत नाहीत.

हे एकदा स्पष्ट बोललं पाहिजे. जुनी स्कूटर आठवणीत जेवढी गोंडस आहे तेवढी रस्त्यावर नव्हती. इंजिन उजव्या अंगाला, त्यामुळे वजन एकीकडे. ओल्या रस्त्यावर ब्रेक जोरात दाबला की गाडी आडवी. ड्रम ब्रेक नावापुरते. बॅटरी नसलेल्या गाड्यांचा हेडलाइट रेस दिली की प्रखर आणि सिग्नलला उभं राहिलं की मिणमिणता. रात्री पावसात खड्डा दिसावा म्हणून रेस वाढवायची, हा अजब प्रकार आम्ही रोज करत होतो. न जळलेलं ऑइल आणि पेट्रोल मागून बाहेर पडायचं ते मागच्याच्या नाकात. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर संध्याकाळी जो निळसर धूर तरंगायचा त्यात आमच्यासारख्यांच्या स्कूटरचाही वाटा होता. कोकणातल्या आणि मुंबईच्या गाड्यांचे पत्रे खालून कुजत, म्हणून पावसाळ्याआधी त्यांना जळकं ऑइल फासायचं. तेही पावसाबरोबर वाहून कुठे जात असेल याचा विचार कुणी केला नाही.

आणि बायका? स्कूटरचा रविवार हा पुरुषांचा रविवार होता. आईचा संबंध चिंध्या आणि दुसऱ्या चहापुरता. ती कधी गाडी चालवायला शिकली नाही, कारण ती जड धूड कलती करून किक मारणं हे साडीतलं काम नव्हतं. 1984 मध्ये कायनेटिक होंडा आली. बटण दाबून सुरू होणारी, गिअर नसलेली. पुण्यात मुली आणि बायका गाड्या चालवू लागल्या त्यात या बटणाचा वाटा मोठा आहे, लूनाने सत्तरच्या दशकात सुरुवात करून दिली होती ती वेगळी. त्या वेळी आमच्या फिटर मंडळींनी नाकं मुरडली: बिनगिअरची गाडी ही काय गाडी? 2001 मध्ये ॲक्टिव्हा आली आणि पाहता पाहता घराघरांत शिरली. चेतकचं उत्पादन 2006 च्या आसपास बंद झालं आणि 2009 च्या अखेरीस बजाजने स्कूटरच्या धंद्यातूनच बाहेर पडायचं जाहीर केलं. हमारा बजाज गुणगुणत वाढलेल्यांना वाईट वाटलं खरं, पण त्यांनीही मुलींना ॲक्टिव्हाच घेऊन दिल्या होत्या. मीसुद्धा.

मुलीची गाडी आमच्या पार्किंगमध्ये उभी असते. एप्रिल 2020 पासून बीएस-सहा मानकं आली आणि कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन बसलं. आता किती पेट्रोल सोडायचं हे एक छोटा संगणक ठरवतो. हवेचं तापमान, इंजिनची उष्णता, एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजून. प्लगच्या रंगावरून आम्ही जे अदमासाने ओळखायचो ते तो क्षणाक्षणाला ओळखतो आणि दुरुस्तही करतो. मला याचा हेवा वाटतो, राग नाही. पण त्याचं काही बिनसलं तर मीटरवर एक पिवळा दिवा लागतो आणि आपल्याला एवढंच कळतं की काहीतरी बिनसलंय. काही गाड्यांत तो दिवा ठरावीक पद्धतीने लुकलुकून दोषाचा आकडा सांगतो, पण ती लिपी वाचायला शिकवतो कोण?

मग गाडी सर्व्हिसिंगला जाते. पूर्वीचा फिटर रस्त्यावर, तुमच्यासमोर, तुमच्याशी राजकारणावर वाद घालत काम करायचा. आता एसी खोलीत सोफा, कॉफीचं यंत्र आणि काचेपलीकडे गाडी. जॉब कार्डवर इंजेक्टर क्लीनर, टेफ्लॉन कोटिंग, इंजिन फ्लश असं काहीबाही चढतं. एकदा मी विचारलं, एअर फिल्टर बदललात तर जुना दाखवा. काउंटरवरच्या मुलाने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी शस्त्रक्रियेनंतर काढलेलं अपेंडिक्स मागत होतो. जुना फिल्टर काही सापडला नाही. ती मुलं वाईट नाहीत, त्यांना तासाला इतक्या गाड्या असा हिशेब दिलेला असतो. पण ज्या मालकाला आतलं काहीच माहीत नाही त्याला काहीही विकता येतं, हे तेवढंच खरं. 2022 मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने 'राइट टू रिपेअर' नावाचं पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग ग्राहकाला मिळावेत हा हेतू. हेतू चांगला; पण पुस्तिका प्लॅस्टिकमधून न काढणाऱ्या ग्राहकाला पोर्टल काय करणार?

माझं भांडण आहे ते इथे. नव्या गाडीत आपल्याला करण्यासारखं काही उरलं नाही, ही समजूत चुकीची आहे. कमी उरलं आहे. नाही असं नाही. व्हॉल्व्हचं टॅपेट, बेल्ट, रोलर, सेन्सर यांना हात लावू नका, त्यासाठी फिटरला पैसे द्या आणि खुशाल द्या. पण टायरमधली हवा? 110 सीसीच्या बहुतेक स्कूटरना पुढे 22 आणि मागे 29 च्या आसपास हवा लागते, नेमका आकडा गाडीवरच्या स्टिकरवर असतो. पंपावर हवा भरणारा विचारतो, "किती?" आणि आमच्या सोसायटीतले इंजिनिअर लोक म्हणतात, "जेवढी असते तेवढी." टायर मध्येच गुळगुळीत होतो, ॲव्हरेज पडतो, आणि दोष कंपनीला.

इंजिन ऑइलचं तसंच. टू-स्ट्रोकच्या दिवसांत ऑइल पेट्रोलबरोबर जळून जायचं, दर वेळी ताजं. फोर-स्ट्रोकमध्ये साधारण पाऊण लिटर ऑइल आत फिरत राहतं आणि तेच तेच काम करून काळं, पातळ होतं. महिन्यातून एकदा गाडी मधल्या स्टँडवर सपाट जागी लावावी, इंजिन थोडं चालवून बंद करावं, दोन-तीन मिनिटं थांबून ऑइलची पट्टी काढावी, पुसावी, परत घालावी. बऱ्याच गाड्यांत ती मोजताना आटे न आवळता नुसती टेकवायची असते. पुस्तिकेत चित्र असतं. पातळी दोन खुणांच्या मध्ये आली की झालं. याला पाना लागत नाही आणि हात फारसे काळे होत नाहीत. तरी हे करणारी माणसं माझ्या ओळखीत फार थोडी आहेत, आणि त्यातली निम्मी ही पूर्वी चेतक चालवणारी आहेत.

मागच्या ब्रेकचा नट आजही चाकापाशी उघडा आहे, हाताने किंवा एका पान्याने फिरतो. लिव्हर फार आत जायला लागली की तो अर्धा-एक फेरा आवळायचा, चाक हाताने फिरवून बघायचं, घासत नाही ना. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी बुरशी आली तर कोमट पाण्याने पुसून व्हॅसलीन लावायचं. कागदी एअर फिल्टर मात्र जुन्या सवयीने पेट्रोलमध्ये धुऊ नका. तो धुवायचा नसतो, बदलायचा असतो. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल अगदी तळाला जाऊ देऊ नका, टाकीतला पंप पेट्रोलमध्येच गार राहतो. रिझर्व्हवर चावी फिरवून पुढे दामटायचे दिवस गेले. आणि घरी गाडी धुताना पाण्याचा जोराचा फवारा सायलेन्सरच्या तोंडात आणि बेल्टच्या कव्हरवर मारू नका. ही सगळी कामं मिळून अर्ध्या तासाचीसुद्धा नाहीत.

मी मुलीला हे दाखवलं. तिने पाच मिनिटांत शिकून घेतलं, मग म्हणाली, "बाबा, यात एवढं काय होतं?" काहीच नव्हतं. अण्णांच्या वहीत दर रविवारची नोंद असे: किलोमीटर, पेट्रोल, प्लग साफ केला, मागची वायर ताणली. आता तिच्या फोनमधलं ॲप किलोमीटर मोजतं आणि सर्व्हिसिंगची तारीख सांगतं. अण्णांना ते नक्की आवडलं असतं. वही त्यांनी तरीही ठेवली असती.

ऑक्टोबर 2019 मध्ये चेतक हे नाव परत आलं, विजेवर चालणाऱ्या गाडीवर, आणि जानेवारी 2020 पासून ती विकली जाऊ लागली. पत्रा पोलादीच ठेवला आहे, जुन्या लोकांना टकटक करून बघायला. आत प्लग नाही, इंजिन ऑइल नाही, कार्ब्युरेटर नाही, सायलेन्सर नाही. टायर, ब्रेक आणि चार्जिंगची शिस्त एवढंच मालकाच्या हाती. आमच्या जुन्या फिटरना विचारलं तर म्हणाले, "साहेब, ही गाडी आमच्या कामाची नाही, वायरमनच्या कामाची." त्यांच्या मुलाने मात्र दोष वाचणारं स्कॅनर यंत्र घेतलंय आणि टपरीच्या मागे मल्टीमीटर लटकवलाय. तो टिकेल असं मला वाटतं.

राहता राहिल्या जिन्याखाली, गोठ्यात, गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या जुन्या गाड्या. वडिलांची म्हणून विकवत नाही आणि चालत नाही म्हणून बघवत नाही, अशी अनेक घरांची अवस्था आहे. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एवढं करून पाहा. लगेच किक मारू नका. टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढून टाका, ते सडलेलं असतं, आणि टाकीतला गंज धुऊन घ्या. प्लग काढून त्या भोकातून चमचाभर टू-टी ऑइल सिलिंडरमध्ये सोडा आणि रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी प्लग न लावताच किक हाताने हळू दाबून बघा. पिस्टन हलला तर अर्धी लढाई जिंकलात. कार्ब्युरेटर खोलून जेट फुंकून साफ करा, त्यात कडक तार घालू नका, भोक मोठं होतं. टायर-ट्यूब नवे घाला, भेगा पडलेल्या टायरवर रस्त्यावर जाऊ नका. नोंदणीची 15 वर्षं उलटली असतील तर आरटीओत पर्यावरण कर भरून नूतनीकरण करावं लागतं, आणि ते दर पाच वर्षांनी. पुण्यात असाल तर नाना पेठेत जा. चेतकचे पॉइंट आणि क्लचची वायर तिथे अजून मिळते.